खप आणि खेळ

गेल्या रामनवमीच्या सुमारास येथे बडोद्यात आपल्या काही मंडळींची एक घरगुती बैठक झाली. त्या बैठकीत दोघा-तिघा तरुणांनी एक सूचना मांडली. दशावतारी गंजिफेचा एक संच छापून घ्यावा, त्याबरोबर मराठी व कोकणी अशा दोन्ही भाषांत नियमांची एक लहान पुस्तिका जोडावी, आणि पुढल्या वर्षीच्या उत्सवापर्यंत तो माफक किमतीत घरोघर पोचवावा, अशी ती सूचना होती. सूचना कोणासही आवडण्याजोगीच. परंतु सभेतील एका ज्येष्ठांनी, ज्यांचा जन्म दुकानाच्या गल्ल्यापाशी गेला आहे, एकच प्रश्न विचारला : "खपेल काय?"

तरुणांपाशी उत्तर तयार होते. अमेरिकेत टेबलाभोवती बसून खेळण्याचा एक खेळ आहे. त्याची चौथी आवृत्ती आपटली आणि पाचवी तडाख्याने चालली. ती का चालली हे पाहून आपणही तसेच करू, असे त्यांचे म्हणणे. यावर चर्चा रंगली, आणि रंगता रंगता विस्कटली. कारण 'आपटली' म्हणजे काय आणि 'चालली' म्हणजे काय, याविषयी कोणा दोघांचे एकमत होईना. कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध बाईंनी तेवढ्यात आपल्या कोकणीत म्हटले, "पत्ते घरांत आसात, पूण खेळपी खंय आसात?" सभा हसली आणि चहा आला. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. खेळाच्या एखाद्या आवृत्तीस व्यापारी यश मिळाले की नाही हे कशावरून ठरवावे, याचा विचार आम्ही त्यानंतर बरेच दिवस करीत होतो. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम तो परदेशी खेळ कोणता हे सांगितले पाहिजे. त्याचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. नावात तळघरे आहेत आणि अजगरासारखे राक्षसी प्राणी आहेत. पण नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण कथा चालवतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र या प्रसंगी काय करील हे खेळाडू तोंडाने सांगतो, आणि ते साधेल की फसेल अशी शंका असेल तेथे फासा टाकतात. त्या फाशांत एक वीस बाजूंचाही असतो. सोंगट्या व पट असले तर असतात, नसले तरी अडत नाही. या खेळात शेवटी कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही; कथा पुढे जाते, इतकेच.

सिंधुदुर्गात वा गोमंतकात ज्यांनी देवळाच्या जत्रेत रात्र जागवली आहे त्यांना हे कळण्यास अवघड जाऊ नये. दशावतारी नाटकास लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि मग राजा व राक्षस रंगभूमीवर येऊन आपापले संवाद आयत्या वेळी रचीत जातात. कथेची मर्यादा पाळायची आणि बोलणे आपले आणायचे, ही त्या कलेची अट. अमेरिकन खेळाची अट याहून फारशी निराळी नाही. भेद एवढाच की दशावताराचे नियम परंपरेने नटाच्या अंगात भिनलेले असतात, आणि तिकडले नियम शेकडो पानांच्या ग्रंथांत छापून विकले जातात. त्या ग्रंथांची आवृत्ती बदलते, आणि येथूनच आपला प्रश्न सुरू होतो.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी प्रत निरुपयोगी होत नाही. आजोबांच्या वेळची पोथी वाचणाऱ्याचे नव्या छपाईवाचून काही अडत नाही. खेळाच्या नियमग्रंथाचे तसे नाही. टेबलाभोवती बसलेल्या सर्वांचे नियम एक असावे लागतात. एका घरात दोन पंचांगे आली की एकादशी दोन दिवशी येते आणि स्वयंपाकघरात गोंधळ माजतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे. खेळाची नवी आवृत्ती हे असे नवे पंचांग असते. ती विकत घेणारा एकटा घेत नाही. घेतली तर सगळी मंडळी घेते, नाकारली तरी सगळी मंडळी मिळून नाकारते. म्हणून तिचे यशापयश साध्या पुस्तकाच्या मापाने मोजता येत नाही.

आता इतिहास पाहू. हा खेळ प्रथम 1974 साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावी गायगॅक्स व त्यांच्या भागीदारांनी 'टी. एस. आर.' या नावाची संस्था काढली आणि एक हजार संच छापले. पेटीत तीन पातळ पुस्तिका. पेट्या घरीच बसून भरलेल्या. त्या हजार संपण्यास वर्षाच्या आसपास काळ लागला. ग्रंथव्यापाराच्या हिशेबाने ही संख्या नगण्य होय. आपल्याकडे एखाद्या बऱ्या दिवाळी अंकाच्या प्रतीही त्याहून अधिक निघतात. त्या दिवशी कोणी केवळ वहीत पाहून निकाल दिला असता, तर 'बरा, पण किरकोळ उद्योग' असाच दिला असता. परंतु एकेका संचाभोवती पाच-सात माणसे बसत होती. पुस्तिकांच्या नकला हातोहात फिरत होत्या. आणि त्या हजारांच्या पोटात पुढल्या अर्धशतकाचा एक संपूर्ण धंदा दडलेला होता. विक्रीचा आकडा खोटा नव्हता. त्याला पुढचे दिसत नव्हते.

याच्या उलट उदाहरणही त्याच संस्थेने घालून दिले. 1989 साली त्या खेळाची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढील काही वर्षे तिच्या पुरवण्यांचा जणू पूर लोटला. एक नव्हे, अनेक कल्पित जगे. प्रत्येक जगाची निराळी पेटी, निराळे नकाशे, निराळ्या कादंबऱ्या. पुस्तकांच्या दुकानांकडे हा माल रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या वितरणातून जात असे. त्या व्यवहारात माल रवाना झाला की पैसा हाती येई. पण न विकलेली पुस्तके परत करण्याचा हक्क दुकानदारांस होता. म्हणजे कागदावर जे विकले गेले होते ते प्रत्यक्षात केवळ दुसऱ्याच्या कोठारात ठेवले गेले होते. 1996 साली परत आलेल्या मालाचे ढीग लागले, छापखान्याचे देणे थकले, माणसे कामावरून कमी करावी लागली, आणि 1997 साली ही संस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या दुसऱ्या संस्थेने विकत घेतली. खेळ खेळणारे लक्षावधी, दुकानांत पेट्यांच्या थप्प्या, आणि तरीही दिवाळे दाराशी! आपल्याकडील प्रकाशकांस हे सांगावयास नको. 'प्रती संपल्या' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी छापले आहे, त्यांतील किती जणांच्या पलंगाखाली त्याच प्रतींचे गठ्ठे होते, हे ज्यांच्या त्यांच्या घरच्यांस ठाऊक असते.

यातून पहिला नियम निघतो. विक्री दोन प्रकारची असते : दुकानदारास केलेली आणि खेळणाऱ्यास केलेली. पहिलीस विक्री म्हणण्याची घाई करू नये.

नव्या मालकांनी 2000 साली तिसरी आवृत्ती काढली. तिच्याबरोबर त्यांनी एक धाडसाची गोष्ट केली : मूळ नियमांचा गाभा इतर प्रकाशकांनाही वापरता यावा असा खुला परवाना दिला. 2003 साली तिचीच सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि 2008 च्या जून महिन्यात चौथी. आमच्या तरुण मित्रांनी जिला 'आपटलेली' म्हटले ती हीच. तिच्याविषयीचा प्रवाद थोडक्यात असा. नियम इतके बदलले की जुन्या खेळाडूंस खेळ परका वाटला. मांत्रिक व योद्धा एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले. त्यामुळे पुष्कळांनी नव्या आवृत्तीकडे पाठ फिरवली. पायझो नावाची संस्था पूर्वी याच खेळाची मासिके परवान्याने चालवीत असे. तो परवाना 2007 मध्ये संपल्यावर तिने खुल्या परवान्याचा आधार घेऊन तिसऱ्या आवृत्तीच्या धर्तीवर 'पाथफाइंडर' हा स्वतःचा खेळ 2009 साली बाजारात आणला. थोड्याच वर्षांत दुकानदारांकडे चौकशी करून तयार होणाऱ्या याद्यांत पाथफाइंडर वर गेला आणि मूळ खेळ खाली आला. शाखेने वृक्षास झाकले. यावरून निकाल झाला : चौथी आवृत्ती फसली.

आमचे मत असे की हा निकाल अगदीच चुकीचा नाही, परंतु तो ज्या पुराव्यावर दिला गेला तो पुरावा तेवढा भार सोसणारा नाही. त्या याद्या खेळांच्या दुकानांत विचारपूस करून केलेल्या असत. प्रकाशकाने थेट ग्राहकास विकलेला माल त्यांत धरला जात नसे. चौथ्या आवृत्तीच्या काळात तर प्रकाशकांनी एक नवीच सोय काढली होती : महिन्याची वर्गणी भरावी आणि सर्व पुस्तकांतील नियम संगणकावर पाहावे, पात्रे तेथेच तयार करावी. ज्याने वर्गणी भरली त्याला पुढची पुस्तके घेण्याची गरज उरली नाही. म्हणजे प्रकाशकाच्या एका खिशात पैसा येत होता, आणि तोच पैसा दुसऱ्या खिशातून गेला म्हणून लोक हळहळत होते! आरंभी पहिल्या छपाईच्या प्रती अपुऱ्या पडून प्रकाशनापूर्वीच पुन्हा छापावे लागल्याचे प्रकाशकांनी जाहीर केले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पहिल्या महिन्याचा आकडा घेणारा 'यश' म्हणेल, तिसऱ्या वर्षाचा घेणारा 'अपयश' म्हणेल, आणि दोघेही आपापल्या जागी खरे ठरतील.

मग चौथ्या आवृत्तीचा दोष कोणता? आमच्या मते तो असा की तिने आपली खेळणारी मंडळी दुभंगली. माल कमी गेला की अधिक, हा प्रश्न दुय्यम. ज्या टेबलाभोवती सहा जण बसत होते तेथे तिघांनी एक पंचांग घेतले आणि तिघांनी दुसरे. दोन अर्धी टेबले मिळून एक टेबल होत नाही. ही हानी कोणत्याही दुकानाच्या यादीत उतरत नाही. ती पुढे पाच वर्षांनी, खेळ शिकवणारा न मिळाल्यामुळे खेळच सोडून दिलेल्या मुलांच्या रूपाने प्रकट होते. प्रकाशकांस हे उमजले असावे. कारण पाचवी आवृत्ती काढण्यापूर्वी त्यांनी मसुद्याचे नियम खेळाडूंच्या हाती देऊन दीर्घकाळ परीक्षा घेतली, आणि 2014 साली ती प्रसिद्ध करताना प्राथमिक नियम विनामूल्य दिले.

पाचवी आवृत्ती चालली, यात वाद नाही. पण 'का चालली' या प्रश्नास आमच्या तरुण मित्रांनी दिलेले उत्तर, म्हणजे 'नियम सोपे केले म्हणून', आम्हांस अपुरे वाटते. 2015 पासून काही आवाजाचे कसबी नट हा खेळ आपसांत खेळताना लोकांस इंटरनेटवर दाखवू लागले, आणि तो पाहणाऱ्यांची संख्या पाहता पाहता अफाट झाली. 2016 साली अमेरिकेतील एका लोकप्रिय चित्रमालिकेत मुले तळघरात बसून हाच खेळ खेळताना दिसली. 2020 च्या महामारीत घरात कोंडलेल्या लोकांस दूरस्थ राहून एकत्र बसण्याचे ते एक साधन झाले. बी चांगले होते हे खरे; पण पाऊसही त्याच वर्षी पडला. केवळ बियाण्याची थोरवी गाणाऱ्याने पुढल्या दुष्काळी वर्षी तेच बी पेरून पाहावे. 2024 साली त्या आवृत्तीचे नवे संस्करण निघाले, आणि ते सर्वांत वेगाने विकले गेल्याचे प्रकाशकांनी सांगितले. मालक असलेली हॅस्ब्रो ही मोठी कंपनी प्रतींची निश्चित संख्या मात्र सांगत नाही. तेव्हा 'सर्वांत वेगाने' या शब्दांतून वेग कळतो. पल्ला कळत नाही.

येथवर परदेशची गोष्ट झाली. आता आपल्या गावाकडे येऊ, कारण या प्रश्नाचे एक उत्तर बडोद्याच्या भिंतींवर टांगलेले आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी राजा रविवर्मा यांजकडून पुराणकथांवरील चौदा चित्रे काढून घेतली. ती 1890 च्या सुमारास पुरी झाली. बडोद्यात ती लोकांपुढे मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. त्यापूर्वीच, 1884 साली, बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांस सुचविले होते की आपली चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती करून घ्याव्यात. चित्रांस एवढी मागणी आहे आणि दोन हात ती पुरी करू शकत नाहीत. पुढे रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईस स्वतःचाच छापखाना काढला; तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी व सरस्वती देशभर गेल्या. आज आपल्यापैकी कोणीही डोळे मिटून लक्ष्मीचे ध्यान करील, तर कमळावर उभी राहिलेली, चार हातांची, साडी नेसलेली जी मूर्ती त्यास दिसेल तीवर त्या छापखान्याची छाया असेल. आवृत्तीचे यश याहून मोठे असू शकेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि तरीही तो छापखाना धंदा म्हणून रविवर्म्यांस लाभला नाही. यंत्रसामग्री परदेशची, कारागीर परदेशचे, त्यात मुंबई प्रांतावर प्लेगचे संकट. कर्ज वाढत गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना त्याच ठिकाणी काम करणाऱ्या श्लायखर नावाच्या जर्मन कारागिरास विकून टाकावा लागला. जमाखर्चाच्या वहीत तोटा, आणि देव्हाऱ्याच्या भिंतीवर अक्षय्य नफा! यांतील कोणती वही खरी? आमचे उत्तर : दोन्ही. ज्याने पैसा घातला त्याचा तोटा 'सांस्कृतिक यश' म्हणून गोड करून सांगणे हा अप्रामाणिकपणा आहे. आणि तोट्यावरून चित्रे अपयशी ठरली म्हणणे हे आंधळेपण आहे. हिशेब दोन वह्यांत ठेवावे आणि एकीचा आकडा दुसरीत उतरवू नये, हा दुसरा नियम.

आता गंजिफेकडे वळू. हा खेळ मोगलांबरोबर या देशात रुजला; बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याने स्वतः केली आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि छप्पन्न अधिक चाळीस, म्हणजे शहाण्णव पाने. आपल्याकडे आल्यावर त्याच खेळाने दशावताराचा वेष घेतला : दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे तो तो अवतार, त्याखाली प्रधान, आणि मग एक ते दहा. अर्ध्या रंगांत दहिल्याचा मान मोठा, उरलेल्यांत एक्क्याचा. दिवसा खेळल्यास ज्याच्या हाती राम तो आरंभ करतो, रात्री खेळल्यास ज्याच्या हाती कृष्ण तो. हुकमाचा रंग नाही. कोणती पाने उतरून गेली याची आठवण हेच खेळणाऱ्याचे बळ. तिघांनी चाळीस-चाळीस पाने हाती धरून बसावे आणि दुपार सरावी असा हा निवांतपणाचा व तल्लख स्मृतीचा खेळ आहे.

सावंतवाडीस ही पाने करण्याची कला अठराव्या शतकापासून नांदत आली. थरावर थर चिकटवून, चिंचोक्यांची खळ देऊन, गोल कापून, रंगवून, त्यावर लाखेची झिलई चढवायची, असे ते चिताऱ्यांचे काम. बावन्न पानांचा छापील विलायती जोड स्वस्तात मिळू लागला तेव्हा गंजिफेचा खेळ मागे पडला, आणि खेळ मागे पडताच चिताऱ्याचा हात रिकामा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी या दांपत्याने ती हाती घेतली. कारागिरांस राजवाड्यात बसविले आणि 1971 पासून त्या कामास नियमित रूप दिले. सत्त्वशीलादेवी या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील कन्या; स्वतः चित्रकलेत निपुण. 2018 साली त्या निवर्तल्या. बडोदेकरांनी अभिमान बाळगावा असे हे कार्य आहे, आणि त्याविषयी पुढे जे लिहीत आहोत ते त्या अभिमानासह लिहीत आहोत.

सावंतवाडीची गंजिफा आज विकली जाते. पर्यटक घेतात, संग्राहक घेतात, लग्नकार्यात देण्यासाठी घेतली जाते. तिच्या विक्रीवर चिताऱ्यांच्या चुली पेटतात, ही गोष्ट लहान नव्हे. आम्ही ती प्रथम नोंदवतो. परंतु घेणाऱ्यांपैकी किती जण खेळतात? काचेच्या कपाटात ठेवलेली, चौकट करून भिंतीवर लावलेली, पेटीचे झाकण एकदाच उघडलेली गंजिफा आम्ही पाहिली आहे. आणि आमच्या स्वतःच्या घरीही, लाज वाटते पण सांगतो, ती तशीच आहे. वस्तू जगली, खेळ निजला. आमच्या सभेतील वृद्ध बाईंनी विचारले ते हेच होते. खेळाच्या साधनाचा खप आणि खेळाचा प्रसार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा तिसरा नियम. आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या आकडेशास्त्रास जे क्वचित सुचते ते त्या एका वाक्यात होते.

तर मग मोजावे काय? येथेही बडोद्याचा एक जुना धडा उपयोगी पडतो. 1910 साली सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालास आणविले आणि राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली. मुख्य ग्रंथालय येथे, शाखा गावोगाव, आणि जेथे शाखा नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. शिवाय दोन लाख रुपयांचा निधी राखून त्याच्या व्याजातून ग्रंथमाला चालविल्या. या उद्योगाच्या यशाचे माप पुस्तक किती विकले हे नव्हतेच. पेटी किती गावांत फिरली आणि पुस्तक किती हातांतून गेले, हे होते. अर्थात् त्यामागे राज्याचा खजिना होता; आपल्यामागे तो नाही. ज्येष्ठांचा "खपेल काय?" हा प्रश्न म्हणूनच क्षुद्र नव्हे. छापखान्याचे बिल कोणाला तरी भरावे लागेल, आणि ते भरणाऱ्याची दुसऱ्या वर्षी पुन्हा भरण्याची हिंमत राहिली पाहिजे.

एवढे मान्य करून आमचे मत त्या सभेपुढे, आणि आता वाचकांपुढे, असे ठेवतो. संच छापावा, पण थोडा छापावा. प्रत्येक घरास एक संच अशी आकांक्षा धरू नये; तीन घरांत मिळून एक असला तर उत्तम, कारण गंजिफेस तीन माणसे लागतात आणि ती एका घरात आजकाल सापडणे कठीण. नियमांची पुस्तिका करताना निरनिराळ्या घराण्यांत चालत आलेले पाठभेद तळटीपेत द्यावेत, पण खेळण्याचा पाठ एकच ठेवावा. नाही तर आपणही आपले टेबल दुभंगून ठेवू. छापील संचावर सावंतवाडीच्या कारागिरांचे नाव व ऋण स्पष्ट नोंदवावे, आणि ज्यास छापील पानांवर खेळ शिकून गोडी लागली त्याने पुढे हातची गंजिफा घ्यावी असा मार्ग ठेवावा. स्वस्त प्रत ही चिताऱ्याच्या पोटावर पाय देणारी न ठरता त्याचा ग्राहक घडविणारी ठरावी, ही या योजनेची खरी कसोटी आहे. ती जर पार पडणार नसेल, तर संच न छापलेला बरा, असेही आम्ही म्हणू.

आणि निकाल केव्हा द्यावा? प्रकाशनाच्या दिवशी नव्हे, किंवा प्रती संपल्या त्या दिवशीही नव्हे. उत्सवात, पाहुण्यांच्या भिडेने, समाजाच्या प्रेमाने शंभर संच एका सायंकाळी संपू शकतात. तो आपल्या माणसांचा जिव्हाळा होय, खेळाचे यश नव्हे. दुसरी रामनवमी येऊ द्यावी. त्या दिवशी दुपारी, कीर्तन आटोपून प्रसाद झाल्यावर, ज्यांनी संच घेतले त्यांस ते घेऊन मंडपात बोलवावे. पेटी उघडावी. ज्यांची पाने कोरी करकरीत आहेत त्यांचे पैसे आपल्याकडे आले आहेत, एवढेच समजावे. ज्यांच्या पानांच्या कडा मळल्या आहेत, ज्यांतील एखादा मत्स्याचा तिऱ्या हरवून त्या जागी पुठ्ठ्याचा कापलेला तुकडा आला आहे, त्यांची संख्या मात्र काळजीपूर्वक लिहून ठेवावी. ती दहा निघाली तरी दुसरी आवृत्ती काढावी.

आमचा स्वतःचा संच आम्ही काल कपाटातून खाली काढला आहे. तिसरा भिडू शोधीत आहोत.